गॅरेजात राहिलेली चार चाकं

नरेशने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एकाच गल्लीत माझ्यासोबत वाढलेल्या, आठ वर्षं आधी कॅनडात गेलेल्या आणि मग मलाही तिकडे बोलावून घेणाऱ्या नरेशने मला त्याची मोटार विकली, आणि तिच्याबद्दल जी एक गोष्ट सांगायला हवी होती तीच सांगितली नाही. भोगलं माझ्या बायकोने. वाडीत ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात, म्हणून एकदा ती माझ्या तोंडून ऐका. माझ्यासारखे जे निघून गेलेत, त्यांनीही ऐकावं.

मी निघालो तो एप्रिलचा दिवस होता, दुपारचं विमान. विमानतळाबाहेर इतकं ऊन की बॅगेच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नव्हता. बाबांची सगळी हयात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्यात गेली. बॅगा काढायच्या आधी ते भाड्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "मागचं डावं टायर गेलं याचं," ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तिथं कोनाशी भांडू नोको. आपली जागा नाई ते." आई म्हणाली, "पोचला का फोन कर." अर्चना, माझी बायको, बॅगांची कुलपं तपासत होती. तिचं बोलून झालं होतं. ती शाळेत गणित शिकवते, नोकरी पक्की आहे, आणि तिने मला आधीच स्वच्छ सांगितलं होतं, "मी नोव्हेंबरात पाहायला येईन. राहायचं का नाही, ते पाहिल्यावर."

मी सौद्यांवर जगलेला माणूस. मला ते वाक्यही सौद्यासारखंच ऐकू आलं. सात महिने हातात आहेत, तेवढ्यात तिथलं आयुष्य असं मांडून ठेवायचं की तिने पाहिल्यावर तिला नाही म्हणता येऊ नये. विमानात बसताना डोक्यात दुसरं काही नव्हतं.

माझा धंदा टायरचा. अमरावती रोडवर मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडची उतरलेली टायरं घेऊन छोट्या गाडीवाल्यांना विकण्यापासून सुरुवात केली, आणि तीस वर्षांचा व्हायच्या आत स्वतःचं दुकान टाकलं. कोणी शिकवलं नाही, कोणी पुढे केलं नाही. बुटीबोरीपर्यंतचे गाडीमालक जुना लॉट घेण्याआधी मला घेऊन जायचे. मी अंगठ्याचं नख रबरात दाबायचो. नख रुतलं आणि खूण थोडा वेळ राहिली, तर रबर ताजं. नख घसरलं, तर माल गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडून कडक झालेला. बारीक चिरा दिसल्या तर बोलायचंच नाही, उठून यायचं. आमच्याकडे टायरचा वैरी एकच, ऊन. मे महिन्यात वाडीच्या नाक्यावर टायर फुटल्याचा आवाज झाला की चहा पिणारा मान वर करून न पाहता सांगतो, पुढचं फुटलं की मागचं. पुढे उड्डाणपुलाचे खांब नेमके माझ्या दुकानासमोर आले, गाड्या उभ्या राहायला जागा उरली नाही, आणि दुकान गेलं. तेव्हा नरेशचा फोन आला, "कायले तिथं सडून राहिला? ये इकडं."

हे मी नाकारत नाही. त्याने बोलावलं. कॅलगरीत पहिले दोन महिने मी त्याच्या घराच्या तळघरात राहिलो. त्याची बायको संगीता मला रोज गरम पोळ्या वाढायची. त्यानेच मला एका गोडाऊनमध्ये लावून दिलं. वाडी सोडली आणि पुन्हा गोडाऊनच नशिबी आलं, यावर आम्ही दोघं पुष्कळ हसलो. फरक एवढाच की इथे कोणी ओरडत नाही. वाडीत ट्रक मागे घेताना दहा माणसं "आन दे, आन दे" करतात. इथे ट्रक स्वतःच टूं टूं वाजतो आणि माणसं लांब उभी राहून पाहतात.

नरेशकडे एक दोन दारांची स्पोर्ट्स कार होती. बुटकी, गडद निळी, दहा वर्षांची, पण आवाज असा की छातीत वाजावा. दुसरं मूल झाल्यावर ती त्याच्या कामाची राहिली नव्हती. मी सगळा उन्हाळा तिच्याकडे पाहत होतो. आयुष्यभर वाकून दुसऱ्यांची चाकं पाहिली. एकदा आपण आत बसावं आणि शेजारी अर्चना असावी, एवढंच वाटत होतं. विमानतळावर तिला घ्यायला बसने जाणं मला शक्य नव्हतं.

ऑक्टोबरातला रविवार. स्वच्छ ऊन, आम्ही दोघं नुसत्या शर्टात. गॅरेजचं दार उघडं. मी आधी चाकांशीच बसलो. नख दाबलं, लोण्यासारखं रुतलं. बाजूवरचा आकडा वाचला, टायर त्याच वर्षीचं. असं रबर मी वाडीत कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात रिमसकट आणखी चार चाकं रचलेली होती. एक ओढून उजेडात आणलं. अंगभर बारीक चिरा, नक्षीच्या प्रत्येक तुकड्यावर, ब्लेडने मारल्यासारख्या.

"हे काय होय गा? सगळं चिरलं ना."

"राहू दे ते. गाडीसंगच देतो."

"चिरलेला माल माह्या गळ्यात मारून राहिला काय? मले? टायरवाल्याले?"

नरेशने माझ्या हातातल्या टायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड मला आजही दिसतं.

"हे चार तुह्यापाशीच ठेव," मी म्हणालो, "आन तेवढे कमी कर."

"बरं," तो म्हणाला. "तुही मर्जी."

लगेच कमी केले. वाद नाही, शपथ नाही, "मले परवडत नाई" नाही. आयुष्यभर सौदे केलेल्या माणसाला तिथेच कळायला हवं होतं. विकणारा भांडल्याशिवाय सोडतो तेव्हा तो काहीतरी दाबून ठेवत असतो. पण मी जिंकल्याच्या आनंदात होतो.

अर्चना आली. विमानतळावर गाडी पाहून तिने डोक्याला हात लावला, "अहो, ही गाडी आहे का खेळणं?" पण बसली, आणि हसली. पहिले दहा दिवस चांगले गेले. तिने स्वयंपाकघरातले डबे लावले. खिडकीला पडदा हवा म्हणाली. जो माणूस राहणार नाही तो पडद्याचं माप घेत नाही, असं मी मनात धरलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत ओळखीच्या बाईंनी तिला वर्ग पाहायला बोलावलं होतं. त्या दिवसाची ती आल्यापासून वाट पाहत होती. तो वर्ग पाहिल्यावर राहायचं का नाही ते ती सांगणार होती.

त्या वर्षी बर्फ उशिरा आला. कामावरची माणसं टायर बदलून घेत होती, ते मी पाहत होतो. पण माझी तर नवी होती. आणि बर्फ नव्हताच. रस्ते आमच्या मे महिन्यातल्या रस्त्यांइतके कोरडे.

अकराव्या दिवशी, वर्ग पाहायला जायच्या सकाळी, उणे तेरा होतं. आकाश निळंभोर. अर्चना दोन स्वेटरवर कोट घालून बसली. गाडी सुरू केली तसं समोर एक नारिंगी चिन्ह लागलं, सहा पाकळ्यांचं.

"हे फूल कशाचं हो?"

"एसीचं असेल." ते थंडीचा इशारा देणारं बर्फाचं फूल, हे मला नंतर कळलं.

घराजवळच्या पहिल्याच वळणावर गाडीची मागची बाजू हलकेच बाहेर गेली आणि परत आली. वीतभर, जास्त नाही. अर्चनाने दाराची कडी धरली. मला वाटलं तेल सांडलं असेल. थांबलो, उतरलो, रस्ता पाहिला. स्वच्छ. मागच्या चाकापाशी बसलो आणि नख दाबलं. नख घसरलं. पुन्हा दाबलं. दगड. महिन्यापूर्वी लोण्यासारखं असलेलं रबर भाजलेल्या विटेसारखं झालं होतं.

इथे मी जे केलं ते नागपूरचा टायरवालाच करू शकतो. मला वाटलं, रात्रभर थंडीत उभी होती म्हणून रबर गारठलंय. आमच्याकडे चार किलोमीटर गाडी पळाली की टायरला हात लावता येत नाही. म्हटलं, पळवली की गरम होईल, नरम होईल. आत बसलो आणि अर्चनाला म्हणालो, "जरा जोरात घेतो. तापलं की बसेल जागेवर."

"हळू घ्या ना. उशीर होत नाहीये."

"टायरातलं तू मला सांगणार का?"

हे वाक्य मी बोललो. लपवत नाही.

हायवेवर चढायचा रस्ता तिथे गोल फिरत वर जातो. मागे एक मोठा ट्रक होता. मी पायाने थोडा जोर दिला, थोडाच, वर पोचेपर्यंत वेग यावा म्हणून. मागची चाकं सुटली. आवाज झाला नाही, हे सांगितलं की कोणाला पटत नाही. वाडीत टायर सुटतं तेव्हा चिरकतं, धूर निघतो, वास येतो. इथे काही नाही. गाडी काचेवर ठेवल्यासारखी फिरली. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, ब्रेक दाबला, गाडीला त्यातलं काही कळलंच नाही. एकदा समोर ट्रकचं तोंड दिसलं, त्याचा भोंगा वाजत होता, मग आकाश, मग लोखंडी कठडा, तिच्या बाजूचा. कठड्याला लागलो तेव्हा अर्चना ओरडली नाही. तिने फक्त माझं नाव घेतलं. लग्नानंतर तिने माझं नाव घेतलेलं मी ते पहिल्यांदा ऐकलं.

ट्रक हातभर अंतरावर थांबला.

तिचं उजव्या खांद्याचं हाड तीन जागी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूच्या पट्ट्या घातल्या. संध्याकाळी नरेश आणि संगीता दवाखान्यात आले, डब्यात वरण-भात घेऊन. नरेश पलंगाशी बसला आणि या वर्षी थंडी कशी एकदम पडली ते सांगू लागला. संगीता अर्चनाचा डावा हात धरून रडत होती. रडता रडता बोलून गेली, "मी ह्यायले तवाच म्हटलं होतं वं, सांगून द्या म्हणून. उन्हाळ्याच्या टायरवर थंडीत गाडी राह्यते काय?"

नरेश डब्याचं झाकण लावत बसला. ते लागलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी नेऊन ठेवलेल्या आवारात गेलो. तिथला पंजाबी माणूस चाकावर टॉर्च मारत म्हणाला, "भाईसाब, ये तो गर्मी के टायर हैं. सात डिग्री के नीचे ये रबर नहीं रहता, प्लास्टिक हो जाता है. बर्फ की ज़रूरत ही नहीं." मग बाजूच्या गाडीचं टायर दाखवलं. त्याच बारीक चिरा. म्हणाला, कंपनीच मारते त्या, थंडीत रस्ता धरायला. मी म्हणालो, मैं टायरवाला हूँ, इंडिया में मेरी दुकान थी. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आता आमच्या धंद्याबद्दल एक सांगतो, कारण माझा राग कशावर आहे ते त्याशिवाय कळणार नाही. वाडीच्या टायर बाजारात खोटं बोलणं चालतं. मी बोललो आहे. भावाचं खोटं, खरेदीचं खोटं, "दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं" हे तर रोजचं. पण टायरला आतून फुगा आला असेल, तर आमच्यातला सगळ्यात बेरकी माणूसही माल देताना म्हणतो, "समोर टाकू नोको, मागं टाक." कारण समोरचं फुटलं की स्टिअरिंग हातातून जातं. पैसे मोजून झाल्यावर, गिऱ्हाईक निघाल्यावर, मागे पळत जाऊन सांगतात. मी स्वतः एकदा भर उन्हात एका मेटॅडोरच्या मागे पार नाक्यापर्यंत धावलो होतो, ज्या माणसाशी तासाभरापूर्वी कॉलर धरून भांडलो होतो त्याला हे सांगायला. नरेश त्याच गल्लीत वाढला. त्याला हे माहीत नाही असं होऊ शकत नाही. इथे येऊन तो पुष्कळ शिकला. हे कधी विसरला, ते मला कळलं पाहिजे.

अर्चना डिसेंबरात परत गेली. जाताना भांडली नाही. मी म्हणालो, नरेशने सांगितलं असतं तर. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?" थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण सांगितलंच होतं, हळू घ्या म्हणून." पडद्याचं कापड तिने घडी करून कपाटात ठेवलं. ते तिथेच आहे.

मे महिन्यात महाल भागातल्या एका लग्नाला मी नागपूरला आलो. अर्चना होतीच, नरेशही आला होता. कार्यालयात कूलर धडधडत होते, पंगत बसली होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काहून नाई सांगितलं?"

त्याने मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. "बस ना गा. जेवून घे."

"काहून नाई सांगितलं, नरेश?"

"तू ऐकून घेतलं असतं काय?" आता त्याचाही आवाज चढला. "मी तोंड उघडलं असतं, का तू म्हनला असता, भाव वाढवून राहिला. चिरलेला माल, चिरलेला माल करून माह्याच घरी माह्यी इज्जत काढली तुनं. मले वाटलं, जाऊ दे. कामावर चार लोकं सांगतीलच याले."

पंगतीतून कोणीतरी म्हणालं, "टायरवाल्याले टायरनंच पाडलं ना बावा!" आणि सगळे हसले. माझा सख्खा भाऊही हसला. मी ताट लोटून निघालो.

त्याचं म्हणणं खरं आहे. मी म्हणालोच असतो, भाव वाढवून राहिला. मी तसाच आहे. पण तो म्हणाला असता, मी शिव्या दिल्या असत्या, आणि घरी जाऊन विचार केला असता. रागीट माणूसही घरी जाऊन विचार करतो. त्याने मला ती संधीच दिली नाही. माझ्या स्वभावाचा राग त्याने त्या बाईवर काढला, जिने त्याच्याशी कधी सौदा केला नव्हता.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. बाहेर पानं पिवळी झालीत. माझ्याकडे साधी जुनी गाडी आहे, तिला थंडीची टायरं लावून झाली. लोक विचारतात, घर कुठे? पूर्वी मी चटकन वाडी म्हणायचो. आता थांबतो. वाडीत गेलो की आई मला पाहुण्यासारखी नवी चादर काढून देते, आणि इथे मी एकट्याचं ताट मांडून जेवतो. नागपूरच्या रस्त्यावर स्टँड खाली ठेवून दुचाकी चालवा, दहा अनोळखी माणसं ओरडतील, "स्टँड, स्टँड!" त्यांना तुमचं नाव माहीत नसतं, तुमच्याशी देणं-घेणं नसतं. मला एवढंच कळलंय की माणूस घर सोडतो तेव्हा हे ओरडणारे मागे राहतात. मी समजत होतो, त्यातला एक माझ्या आधी तिकडे जाऊन बसलाय.

नरेश, हे तू वाचशील, कोणीतरी पाठवेलच. मला उत्तर नको, माझ्याशी तुझं भांडण बरोबरीचं आहे. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी नागपुरात होतो आणि अर्चनाच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ती फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच गणित लिहिते. वरचा अर्धा फळा कोरा असतो, आणि मागच्या बाकावरची मुलं उभी राहून पाहतात. दवाखान्यात तू तिच्याशी हवेपाण्याचं बोललास, लग्नात तिच्यासमोरून मान खाली घालून गेलास. डिसेंबरात तू नागपूरला येतो आहेस. तिची शाळा साडेपाचला सुटते. त्या दारात जा. तिच्यासमोर उभा राहा आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये तोंड उघडून का मिटलंस, ते तिला सांग.